डाव्या कोपऱ्याखालची पट्टी

त्र्यंबक पांचाळ अमेरिकेत आला तो हातातल्या कानशीच्या जोरावर, आणि ही गोष्ट कुणी विचारो न विचारो, तो सांगितल्याशिवाय राहत नसे. कोलंबस शहरातल्या महाराष्ट्र मंडळात गणपतीला जमणारी मंडळी म्हणजे डॉक्टर, इंजिनियर, नाहीतर अलीकडची कम्प्युटरवाली. त्यांच्यात हा एकटाच शाळेनंतर थेट कारखान्यात गेलेला. 'काका, तुम्ही कुठल्या कंपनीत?' असं एखादा नवा मुलगा विचारी, आणि 'हॅलोरन स्टॅम्पिंग, टूलरूम' म्हटल्यावर पुढे काय बोलावं हे त्याला सुचत नसे. त्र्यंबकला त्याची गंमत वाटे. त्याच्या बायकोला, पद्मिनीला, वाटत नसे.

१९७० साली कोल्हापूरच्या उद्यमनगरात एक अमेरिकन इंजिनियर प्रेस बसवायला आला होता. अठ्ठावीस वर्षांचा त्र्यंबक पोलादाचा ठोकळा नुसत्या कानशीनं सपाट करतोय आणि उजेडाकडे धरून एक डोळा मिटून बघतोय, हे त्यानं पाहिलं. मग ठोकळ्याची मापं घेतली. मापं घेऊन झाल्यावर त्यानं त्र्यंबकचा हात हातात धरून उलटापालटा करून बघितला म्हणे. वर्षभरानं ओहायोतल्या वेबर्न गावाहून कागद आले, आणि शेतांच्या मधोमध उभ्या असलेल्या हॅलोरनच्या कारखान्यात त्र्यंबक टूलरूममध्ये डाय बनवायला उभा राहिला. डाय म्हणजे पोलादाचा साचा. प्रेसनं पत्रा त्यात दाबला, की मोटारीचा एखादा भाग तयार.

त्या गावात त्यानं काय काय पाहिलं ते सगळं सांगायला बसलं तर रात्र पुरायची नाही. दोन संप पाहिले, त्यातल्या एकात बर्फात अकरा आठवडे फलक धरून उभा राहिला. पद्मिनी शाळेच्या स्वयंपाकघरात लागली आणि चारशे पोरांना बटाटे वाढून घरी येऊन भाकऱ्या थापू लागली. दोन मुलं झाली. उल्का हुशार, ती शिकून दूर पश्चिम किनाऱ्यावर बेलव्ह्यू शहरात गेली आणि तिथं मोठ्या हुद्द्यावर बसली. धाकटा शिव कॉलेजात दीड वर्ष टिकला आणि एक दिवस सामान घेऊन परत आला, म्हणाला, आबा, मला तुमच्याकडेच लावून घ्या. त्र्यंबक आठ दिवस त्याच्याशी बोलला नाही. पण पोरगा पहिल्यांदा निळा शर्ट घालून प्रेसवर उभा राहिला, तेव्हा टूलरूमच्या काचेतून कुणाला न दिसता बघत कोण उभं होतं, हे एमट हॉफरला पक्कं ठाऊक होतं.

एमट हा त्र्यंबकचा शेजारच्या बाकावरचा सोबती, छत्तीस वर्षांपासूनचा. देहानं दरवाजाएवढा, बोलायला कंजूष. त्याच्या कानापासून हनुवटीपर्यंत एक पांढरा व्रण होता, त्याची हकीकत पुढे येईलच. २००१च्या सप्टेंबरात देशावर तो हल्ला झाला, तेव्हा गावातल्या कुणी शहाण्यानं त्र्यंबकची पोस्टाची पेटी बॅटनं फोडली आणि गॅरेजवर रंगानं काहीबाही लिहिलं. एमटनं चौकशी केली नाही की सहानुभूती दाखवली नाही. शिफ्ट सुटली की तो आपला ट्रक यांच्या दारात लावून आत बसून राही, पुढचे नऊ दिवस. पद्मिनी त्याला चहा नेऊन देई. तो म्हणे, मला तसंही घरी करमत नाही. हे उपकार त्र्यंबकनं कधी तोंडानं बोलून दाखवले नाहीत, आणि एक दिवसही विसरला नाही.

त्र्यंबकची अजून एक सवय सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच घडलं. दरवर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, तो आपली हत्यारं पुसून बाकावर मांडी, हळदकुंकू लावी, फूल वाही, आणि त्या दिवशी एकाही हत्याराला हात लावत नसे. वर्षभर राबलेल्या लोखंडाला एक दिवस विश्रांती. पहिल्या वर्षी सगळे हसले. दुसऱ्या वर्षी एमटनं काही न बोलता आपला हातोडा आणून त्या रांगेत ठेवला. पुढे सगळी टूलरूम ठेवू लागली. पद्मिनी मोठा ट्रे भरून शिरा पाठवी, आणि ऑक्टोबरात गोठलेलं दहिवर जाळून टाकतं म्हणून अंगणातल्या झेंडूवर महिनाभर रोज संध्याकाळी जुनी चादर पांघरे. फुलं दसऱ्यापर्यंत टिकायलाच हवीत, हा तिचा हट्ट.

२००७च्या वसंतात नोटीस लागली. हॅलोरन बंद होणार. प्रेस, डाय, सगळं पेट्यांत भरून पुण्याजवळ चाकणला जाणार. टूलरूममध्ये त्या दिवशी कुणी कुणाकडे बघितलं नाही, आणि त्र्यंबककडे तर मुळीच नाही. त्याला तोंड लपवायला जागा उरली नव्हती. एरवी असं काम चीनला जातं, मेक्सिकोला जातं, आणि हे नेमकं त्याच्याच मुलखात निघालं होतं.

शिफ्ट सुटल्यावर सगळे पार्किंगमध्ये जमले. ठरलं ते असं, की चाकणचे लोक शिकायला येतील तेव्हा ड्रॉइंगमध्ये आहे तेवढंच दाखवायचं. हातातलं कुणी काही द्यायचं नाही. प्रत्येकानं हो म्हटलं. त्र्यंबकची पाळी आली तेव्हा शिव त्याच्याकडे टक लावून बघत होता. त्यानंही हो म्हटलं, आणि एमटच्या हातावर हात दिला.

आता हातातलं म्हणजे काय, तर चौदा नंबरची डाय. १९८३ साली ती प्रेसवर चालता चालता तिचा वरचा ठोकळा फुटला आणि पोलादाचा तुकडा एमटचा जबडा फाडून गेला. तो व्रण तेव्हाचा. तपासल्यावर कळलं, की डायचा पाया डाव्या मागच्या कोपऱ्यात किंचित बसका आहे, केसभर. नवीन करायला वरचे लोक तयार नव्हते. त्र्यंबकनं तीन रात्री जागून एक पितळी पट्टी घासली, बोटाएवढी लांब आणि कागदाएवढी पातळ, आणि त्या कोपऱ्याखाली सरकवली. डाय चालली. चोवीस वर्षं चालली. तेव्हाचा फोरमन म्हणाला होता, कागदावर घालू नकोस, नाहीतर परवानगी कुणाची घेतली म्हणून मलाच धरतील. म्हणून ड्रॉइंगमध्ये पट्टी नव्हती. ती त्र्यंबकच्या खिशात असे. डाय प्रेसवर चढली की तो चिंधीनं पुसल्यासारखं करून पट्टी आत सारी, आणि उतरली की काढून घेई. टूलरूमच्या जुन्या माणसांना आणि शिवला हे ठाऊक होतं, बाकी कुणाला नाही.

पार्किंगमध्ये एमट हळूच म्हणाला, "चौदा नंबरचीही तशीच जाऊ दे. त्यांचं ते बघतील."

त्र्यंबकनं त्याच्या गालाकडे बघितलं आणि मान डोलावली.

ऑगस्टात पुण्याहून दोघं आले. संजीव नावाचा मॅनेजर बहुतेक वेळ ऑफिसात फोनवर असे. दुसरा देवदत्त, पंचवीस वर्षांचा, भोसरीचा, बारीक अंगाचा. त्याच्या शर्टाच्या खिशाला दोन पेनं आणि एक छोटी वही. आल्या दिवशीच त्यानं टूलरूममध्ये वाकून त्र्यंबकच्या पायाला हात लावला. सगळ्यांदेखत! त्र्यंबकला धरणी दुभंगावी असं झालं. आतापर्यंत जे कुणाच्या मनात नव्हतं, तेही आता येणार होतं.

"काका, तुम्ही मराठी आहात हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. टेन्शनच गेलं यार... सॉरी, काका."

"ड्रॉइंग वाचता येतं ना?" त्र्यंबक म्हणाला. "मग ड्रॉइंग वाच."

पण पोरगं चिवट होतं. तुटक उत्तरं मिळाली तरी सकाळी सातला दारात हजर. बाक पुसून देई. मायक्रोमीटर कसा धरायचा ते न विचारता बघून शिके, आणि दुसऱ्या दिवशी तसाच धरी. त्याचे हात चांगले होते, हे त्र्यंबकला पहिल्या आठवड्यातच कळलं आणि त्या गोष्टीचा त्याला भयंकर राग आला. छत्तीस वर्षांत या हातांना शोभेल असा एक शिकाऊ त्याला मिळाला नव्हता, आणि मिळाला तो असा.

एका रविवारी पद्मिनीनं परस्पर त्याला जेवायला बोलावलं. मोटेलात पोरगं ब्रेड खाऊन राहतंय हे तिला कुठूनसं कळलं होतं.

"अहो, आपल्याकडचं लेकरू आहे," ती म्हणाली. "कारखाना त्यानं बंद केलाय होय?"

तो पिठलंभाकरी खात असतानाच शिव आपल्या चार वर्षांच्या लेकीला, केयाला, घेऊन आला. दारात अनोळखी बूट दिसले, आतून तिसऱ्याच कुणाचं मराठी बोलणं ऐकू आलं. तो उंबऱ्यावरच थांबला. केया 'आजी' म्हणत आत पळाली, तिला त्यानं परत उचलून घेतलं. त्र्यंबक हात न धुता त्याच्या मागे अंगणात गेला. घरी बायकोशी, मेगनशी, बोले तसा शिव इथंही इंग्रजीतच बोले. मराठी त्याला सगळी समजे, पण बोलायची वेळ आली की तो लाजे.

"महिन्याभरानं माझं घर चालायचं कसं ते मला माहीत नाही," तो म्हणाला. "मेगनला रोज खोटं सांगतो, काहीतरी मिळेल म्हणून. आणि तुमच्या टेबलावर तो जेवतोय."

"आईनं बोलावलं. मी त्याला काही दाखवलेलं नाही. एक अक्षर नाही."

"दाखवलंत तर मला कळेल, आबा." केया त्याच्या खांद्यावरून आजोबांकडे बघत होती. "पुढच्या महिन्यात हिचा वाढदिवस आहे. ज्यानं आम्हाला विकलं त्याच्या हातून मी तिला केक भरवू देणार नाही. आय मीन इट."

गाडी गेली. त्र्यंबकच्या बोटांवरचं पिठलं वाळून गेलं होतं. पासष्ट वर्षांच्या माणसाला पोटच्या पोरानं असं तोडून बोलावं, आणि पोराचं काही चुकलंय असंही म्हणता येऊ नये! त्यानं तिथंच ठरवून टाकलं. पट्टी खिशातच राहील. चौदा नंबर पेटीत जाईल, जहाजावर चढेल, आणि पट्टी वेबर्नला. चाकणला काय होईल याचा विचार मनात आला की तो दुसरं काहीतरी काम काढी.

त्या वर्षी खंडेनवमी शनिवारी आली. रविवारी दसरा, आणि रविवारीच केयाचा वाढदिवस. कारखाना शनिवारीही चालू होता, कारण बंद होण्याआधी गोदाम भरून ठेवायचं होतं आणि वरून रोज घाई चालली होती. पूजा यंदा नकोच असं त्र्यंबकच्या मनात होतं. कशाची पूजा आणि कुणासाठी? पण पद्मिनीनं महिनाभर झेंडू झाकले होते. शुक्रवारी दुपारी त्यानं हत्यारं बाकावर काढून ठेवली, सकाळी येऊन पुसू म्हणून. शनिवारी चौदा नंबर चढणार होती, आणि त्या दिवशी तो कशाला हात लावणार नव्हता. म्हणून दरवर्षीप्रमाणे त्यानं आदल्या दिवशीच पट्टी डायच्या पायाला खालून ग्रीसनं चिकटवून ठेवली. डाय लोखंडी घोडीवर होती, खालून हात जात होता. एमटनं मान फिरवून दाराकडे लक्ष ठेवलं. देवदत्त ऑफिसात होता.

शनिवारी सकाळी त्र्यंबक फुलांची पिशवी घेऊन आला आणि दारातच थबकला. बाक लखलखत होता. स्वच्छ कापड अंथरलेलं, त्यावर त्याची हत्यारं उंचीप्रमाणे रांगेत, कानशी, हातोड्या, मायक्रोमीटर. नंतर एमटचा हातोडा आणि बाकीच्यांची. खाली फरशीवर खडूनं छोटीशी रांगोळी. बाजूला देवदत्त, डोळे तांबारलेले, हात कोपरापर्यंत काळे.

"काका, काल शिफ्ट संपल्यावर बसलो. आमच्या घरी आजोबा करायचे," तो म्हणाला. "सगळं क्लीन केलंय. डायसुद्धा."

त्र्यंबकच्या अंगाचा तिळपापड झाला. टूलरूममध्ये एक नियम लिहून न ठेवता सगळे पाळतात. दुसऱ्याच्या हत्याराला न विचारता हात लावायचा नाही. बापाच्यासुद्धा नाही. पण पोरगं फार आशेनं बघत होतं. त्यानं 'हं' केलं आणि कुंकवाचा करंडा उघडला. एमट आणि आणखी दोघं टोप्या काढून मागे उभे राहिले. नेहमीसारखं कुणी हसलं नाही. हे शेवटचं होतं हे सगळ्यांना माहीत होतं.

एकेका हत्याराला तो बोट लावत गेला. हातोडी, पकड, कानशी. मायक्रोमीटरशेजारी एक पितळी पट्टी होती, घासूनपुसून सोन्यासारखी चमकवलेली. तिलाही त्यानं कुंकू लावलं आणि बोट पुढच्या हत्यारावर नेलं.

मग बोट परत मागे आलं.

ग्रीस पुसलेलं. डाय साफ केलेली. घोडी रिकामी. चौदा नंबर साडेसहालाच प्रेसवर गेली होती, आणि भिंतीपलीकडे मोठ्या प्रेसचं चाक गती घेत असल्याचा आवाज त्याला पायाखालून कळला. डाय नव्यानं चढवली की आधी सावकाश एक फेरी फिरवून बघायची पद्धत होती, ती या घाईत सहा महिन्यांपूर्वीच गुंडाळली होती. त्या प्रेसवर शनिवारी कोण असतं हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

करंडा खाली पडला. त्र्यंबक पळाला. गुडघा गेलेला माणूस कसा पळतो ते ज्यांनी बघितलं त्यांना हसू यायला हवं होतं, पण त्याचा चेहरा बघून कुणी हसलं नाही. दोन रांगा ओलांडल्या. शिवनं पत्रा आत ठेवला होता. तो मान थोडी पुढे काढून उभा होता आणि त्याचे दोन्ही तळवे दोन बटणांवर उतरत होते.

"शिवाऽ! हात काढ! हात काढ पोरा!"

इंग्रजीत ओरडला असता तर त्या गोंगाटात एक हाक विरून गेली असती. पण घरची हाक होती. लहानपणी शेगडीजवळ गेल्यावर बसायची तीच. शिवचे हात आपोआप वर उचलले गेले. तेवढ्यात त्र्यंबकनं लाल बटणावर मूठ आपटली. चाक कण्हत कण्हत थांबलं.

माणसं धावून आली. एमटची नजर त्र्यंबकच्या मुठीकडे गेली, तिथून डायच्या डाव्या कोपऱ्याकडे, आणि त्याचा हात आपोआप स्वतःच्या गालावर गेला. काय झालं हे त्याला कुणी सांगायची गरज पडली नाही. मागोमाग देवदत्त आला, पांढराफटक.

"काका, माझं काही चुकलं का?"

त्र्यंबकला श्वास पुरत नव्हता. समोर शिव उभा होता. त्याचा गाल, त्याचे डोळे, सगळं जागच्या जागी. शेजारी हे दुसरं पोर. भोसरीत याचीही आई असेल, दसऱ्याला फोन येईल म्हणून बसलेली. तीन महिन्यांनी चाकणला हीच डाय चढेल तेव्हा पहिली फेरी बघायला सगळ्यात जवळ हेच उभं राहील, मान पुढे काढून, वही हातात घेऊन. दोन महिने जो विचार त्यानं दुसरं काम काढून टाळला होता, तो आता आपल्या दोन पायांवर त्याच्यासमोर उभा होता. त्र्यंबकला स्वतःची शिसारी आली.

त्यानं देवदत्तच्या तोंडासमोर बोट नाचवलं आणि चढ्या आवाजात मराठीत सुरू केलं.

"वही काढू नकोस! हात खाली! मी तुला शिव्या घालतोय असं यांना वाटू दे, मान खाली घाल. कालची ती पितळी पट्टी भंगार नाही. या डायच्या डाव्या मागच्या कोपऱ्याखाली ती बसते. पाया तिथं बसका आहे, ड्रॉइंगमध्ये सापडायचं नाही. पट्टीशिवाय चालवलीस तर वरचा ठोकळा फुटतो आणि समोरच्या माणसाच्या तोंडात जातो. एमटचा गाल बघ. बघू नकोस! नंतर बघ. पट्टी सात थाव जाडीची, थाव म्हणजे इंचाचा हजारावा भाग. सात, कळलं? घरी जाऊन स्वतःच्या हातानं घासून कर. प्रेसवर पहिली फेरी हातानं फिरवल्याशिवाय कुणाला समोर उभं करायचं नाही, मॅनेजरच्या बापानं सांगितलं तरी!"

देवदत्तची मान खाली होती. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, भीतीनं की आणखी कशानं. "सात," तो पुटपुटला. "डावा, मागचा."

"चालता हो आता!" त्र्यंबक ओरडला.

बाकीच्या माणसांनी पोरासाठी वाट करून दिली. एकानं तर त्याच्या खांद्यावर थोपटलं, इतकी त्याची कीव आली. एमटनं आपला अजस्र देह डायसमोर आडवा घातला, आत काय करतात ते त्या पोराला दिसू नये म्हणून, आणि त्र्यंबकनं कुंकू लागलेली पट्टी आत सारली. आधीच उघडं करून टाकलेलं गुपित एमट असा राखत होता, आणि त्याच्या पाठीमागे वाकलेल्या त्र्यंबकला वर बघायचं धाडस होत नव्हतं.

"बाप रे," एमट शिवला म्हणाला. "चांगला सोलला त्याला. काय बोलत होता एवढं?"

त्र्यंबक तसाच वाकून राहिला. आता तिथं त्याच्याखेरीज मराठी कळणारा एकच माणूस उरला होता, आणि तो तीन फुटांवर उभा होता. त्यानं पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत सगळं ऐकलं होतं. आता तो तोंड उघडेल आणि छत्तीस वर्षं, तो ट्रक, ते नऊ दिवस, सगळं संपेल. ते योग्यच होतं. त्र्यंबक वाट बघत राहिला.

"सांगत होता," शिव म्हणाला, "दुसऱ्याच्या हत्यारांना हात लावायचा नाही."

"बरोबरच आहे," एमट म्हणाला.

शिफ्ट सुटल्यावर शिव आपल्या ट्रकला टेकून उभा होता. शिऱ्याचा रिकामा ट्रे घेऊन त्र्यंबक आला आणि त्याच्यापासून चार पावलांवर थांबला. समोर कारखान्याचं धुरांडं होतं. अजून तिथून धूर येत होता.

"आबा," शिव म्हणाला, आणि पुढचं अडखळत, शोधत शोधत, मराठीत म्हणाला, "तिथं मी नसतो... तर तुम्ही त्याला सांगितलं असतं?"

हो म्हणणं किती सोपं होतं. शिवलाही तेच ऐकायचं असेल, कोण जाणे. त्र्यंबकनं ट्रे एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"नसतं सांगितलं," तो म्हणाला. "मी ठरवलं होतं. ती तशीच पाठवणार होतो."

शिवनं मान हलवली. बत्तीस वर्षांचा बाप्या गडी, पण त्र्यंबकला तो एकदम सामान घेऊन दारात उभा राहिलेला पोरगा दिसला.

"आणि मीच म्हणत होतो, सांगू नका," तो म्हणाला. "मी म्हणत होतो, आबा. मला माहीत होतं काय होतं ते. आय न्यू."

त्र्यंबकला त्याला जवळ घ्यायचं होतं, पण हातात तो ट्रे होता आणि मधली चार पावलं काही केल्या ओलांडवेनात. शिव ट्रकमध्ये चढला, दार ओढलं, काच खाली केली.

"उद्या दोन वाजता केक आहे," तो समोर बघत म्हणाला. "आईला घेऊन या. एमटपण येतोय."

ट्रक निघून गेला. एमट येतोय. त्याच्याशेजारी बसून केक खायचा होता, उद्या आणि त्यानंतरही, दोघांपैकी एक जाईपर्यंत. त्र्यंबक तिथंच पार्किंगच्या कडेला खाली बसला. बोटांना कुंकू तसंच होतं. ते त्यानं पँटला पुसून बघितलं, पण ग्रीसमध्ये कालवलेलं कुंकू निघत नाही.